मॅसिलॉनचे टायगर स्टेडियम : २४ की १?

ओहायो राज्यातल्या मॅसिलॉनची लोकसंख्या ३२,०००च्या आसपास. तिथल्या वॉशिंग्टन हायस्कूलच्या स्टेडियममध्ये बसायची सोय १६,०००हून जास्त लोकांची. म्हणजे निम्मे गाव एका शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला आले तरी जागा पुरते, आणि शेजारच्या कँटन शहरातली मॅकिन्ली हायस्कूल खेळायला येते तेव्हा ही आकडेमोड केवळ कागदावरची वाटत नाही. या दोन शाळांमधला पहिला सामना १८९४चा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच दोन गावांचे व्यावसायिक संघही एकमेकांशी भिडत. १९०६ साली सामना ठरवून हरल्याचे आरोप झाले आणि तो खेळ तिथे काही वर्षे थंडावला. वैर मात्र टिकले. ते शाळांनी पुढे चालवले.

स्टेडियम १९३९चे. महामंदीत बेकारांच्या हाताला काम देण्यासाठी केंद्र सरकारने जी योजना काढली होती, तिच्या पैशातून ते उभे राहिले. अशी मैदाने तेव्हा अमेरिकेत गावोगावी झाली. कँटनचे मोठे स्टेडियम याच्या एकच वर्ष आधीचे. पण पोलादाच्या कारखान्यांवर जगणाऱ्या एवढ्याशा गावाला इतके मोठे मैदान कशाला हवे होते, याचे उत्तर मंदीत सापडत नाही. ते पॉल ब्राउन या प्रशिक्षकात आहे. तो याच शाळेचा माजी विद्यार्थी. १९३२ ते १९४० या नऊ हंगामांत त्याच्या संघाने ८० सामने जिंकले, ८ हरले, २ बरोबरीत सोडवले. कँटनविरुद्ध पहिली तीन वर्षे हार खाल्ली, नंतरची सहा वर्षे सलग जिंकली. जुने मैदान या गर्दीला पुरेना. नव्या मैदानात तो स्वतः जेमतेम दोन हंगाम राहिला आणि मोठ्या संघांकडे निघून गेला. १९७६मध्ये स्टेडियमला त्याचे नाव मिळाले. पुढे २०००मध्ये सिनसिनाटीच्या व्यावसायिक संघानेही आपल्या नव्या स्टेडियमला तेच नाव दिले, त्यामुळे बावीस वर्षे एकाच राज्यात दोन ‘पॉल ब्राउन’ होती. २०२२मध्ये सिनसिनाटीने ते नाव एका कंपनीला विकले. शाळेने नाही.

खरा गुंता ‘राज्य विजेता’ या शब्दाचा आहे. मॅसिलॉनचे लोक अभिमानाने २४ राज्य अजिंक्यपदे सांगतात, पण त्यांतले एकही अंतिम सामना खेळून मिळालेले नाही. कारण तेव्हा अंतिम सामनाच नव्हता. हंगाम संपला की क्रमवारी लागे, पत्रकार मते देत, आणि जो संघ वर येई तो विजेता. अशी शेवटची मान्यता १९७०ची. १९७२पासून ओहायोत बाद फेरी सुरू झाली, आणि त्यानंतर पन्नास वर्षे मॅसिलॉनचा हात रिकामाच राहिला.

टीकाकार म्हणतात की जुनी अजिंक्यपदे कागदी आहेत. हे थोडे उतावीळपणाचे वाटते. त्या काळात सगळेच विजेते कागदी होते. नियम सर्वांना एकच होता. शिवाय बाद फेरी आल्यावर नुसती पद्धत बदलली नाही, समोरचा संघही बदलला. १९८० आणि १९८२च्या अंतिम सामन्यांत मॅसिलॉनला हरवले ते सिनसिनाटीच्या एका खासगी कॅथलिक शाळेने. २०१८ आणि २०२०मध्ये ॲक्रनच्या एका कॅथलिक शाळेने. अशा शाळांना गावाची हद्द नसते, त्या चहूकडून मुले घेऊ शकतात, ही तक्रार ओहायोतल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. २००५ची हारही सिनसिनाटीच्या एका कॅथलिक शाळेकडूनच होती. २०१९ धरून एकूण सहा अंतिम सामने गेले.

या काळात स्टेडियमची गंमत अशी, की राज्याचे अंतिम सामने अनेक वर्षे इथेच आणि कँटनला वाटून खेळवले जात. २०१३पर्यंत बाहेरगावचे संघ मॅसिलॉनच्या गवतावर, नंतर कृत्रिम हिरवळीवर, करंडक उचलून जात राहिले.

२०२३मध्ये मॅसिलॉनने सोळाच्या सोळा सामने जिंकले. अंतिम लढत ॲक्रनच्या त्याच कॅथलिक शाळेशी होती आणि गुणफलक होता ७-२. सामना झाला कँटनला, म्हणजे ज्या मैदानावर मॅकिन्लीचा संघ आपले घरचे सामने खेळतो तिथे. गावात आता अजिंक्यपदे २५ मोजतात.