मुंबईचं बेट चालतं, गच्चीवरचं का नाही?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सोलर बसलं आणि आठवड्याभरातच भर दुपारी लाईट गेली. चौथ्या मजल्यावरचे काका तावातावाने खाली आले. "ऊन डोक्यावर आहे आणि पॅनेल बंद! ग्रिड पडली की मुंबई वेगळी काढून चालू ठेवतात म्हणे. मग आपल्यालाच काय धाड भरली?"

काकांचा गोंधळ रास्त होता. दोन्हीकडे शब्द एकच, आयलंडिंग. ग्रिडपासून, म्हणजे वीजवाहिन्यांच्या मोठ्या जाळ्यापासून, तुटलेला तुकडा स्वतःच्या विजेवर चालू राहणं म्हणजे बेट. मुंबईसाठी ते मुद्दाम घडवतात, गच्चीवर ते घडूच नये म्हणून इन्व्हर्टरला, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राला, बंद पडायला शिकवलेलं असतं.

मुंबईच्या बेटाला माणसं राखण असतात. विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या लाटा, 50 हर्ट्झवरून ठरलेल्या पातळीखाली घसरली की शहर बाहेरच्या ग्रिडपासून तोडायचं, ट्रॉम्बेसारखी वीजनिर्मिती केंद्रं चालू ठेवायची आणि जास्तीचा लोड, म्हणजे विजेची मागणी, कापायचा. तरी हमी नाहीच. 12 ऑक्टोबर 2020 च्या सोमवारी आपल्या खाडीपलीकडच्या कळव्याच्या 400 केव्ही (किलोव्होल्ट) लाईन गेल्या तेव्हा आतली निर्मिती मागणीला पुरली नाही, बेट कोसळलं, लोकल जागच्या जागी थांबल्या.

गच्चीवरच्या बेटावर असं लक्ष ठेवणारं कुणीच नसतं. वायरमन लाईन बंद समजून हात घालतो, आणि आपली वीज डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते: 433 व्होल्टची बाजू चालू, म्हणजे पलीकडे 11 केव्ही! आणि मेन सप्लाय परत आला तेव्हा दोन्हींच्या लाटांचा मेळ नसेल, तर यंत्रांना जबर झटका बसतो. म्हणून नियम असा की ग्रिड गेल्यावर 2 सेकंदांत इन्व्हर्टरने सुटायचं.

त्याला ग्रिड गेल्याचं कळतं कसं, हे मला फार आवडतं. लोड आणि सोलर योगायोगाने अगदी बरोबरीत असले तर व्होल्टेज हलतच नाही, मग कळणार काय? म्हणून कित्येक इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सीला सतत हलकासा धक्का देत राहतात. ग्रिड असेल तर ती जागची हलत नाही. एवढं मोठं धूड कोण ढकलणार? ग्रिड नसेल तर फ्रिक्वेन्सी सरकत जाते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

"मग बॅटरी लावली तर?" काकांनी विचारलं. लावा की. हायब्रीड इन्व्हर्टर आधी बाहेरची लाईन तोडतो, मगच ठरावीक सर्किट चालवतो. तेही बेटच, पण कुंपण घातलेलं. जनरेटरला चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) लागतो तो याच कारणासाठी. तो टाळून थेट प्लग खुपसणाऱ्यांना मी शेजारी मानत नाही.

संध्याकाळच्या आत लाईट आली. सप्लाय स्थिर आहे ना हे पाहत इन्व्हर्टर मिनिटभर तरी थांबतो. त्या मिनिटात काकांचा फोन आलाच: "अजून सुरू झालं नाही हो!"