उरलेल्या जमिनीवरचा मुक्काम: अमेरिकी वाळवंटातल्या कॅम्पिंगची पार्श्वभूमी

कॅलिफोर्निया, नेवाडा आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्कामाची आखणी करणाऱ्या नवख्या माणसाला सर्वांत आधी एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं. इथे मैलोन्मैल जमीन अशी आहे, की रात्री राहायला आरक्षण लागत नाही, पैसे पडत नाहीत, फाटकावर कुणी नाव विचारत नाही. आधीच्यांनी रुळवलेल्या जागी गाडी लावायची, तंबू ठोकायचा, साधारण चौदा दिवसांपर्यंत राहायचं आणि कचरा सोबत घेऊन निघायचं. ही जमीन ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ म्हणजे बीएलएम या केंद्रीय खात्याकडे आहे. अलास्का धरून या खात्याच्या ताब्यात सुमारे २४.५ कोटी एकर आहेत, महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहून जास्त.

ही मोकळीक सुरुवातीपासून कुणी ठरवून दिलेली नाही. सरकार ही जमीन शंभराहून अधिक वर्षं विकायला, वाटायला, अगदी फुकट द्यायलाही तयार होतं. तरी ती कुणी घेतली नाही, म्हणून उरली. आज तिथे मुक्कामाला जाणाऱ्याला जे नियम भेटतात, त्यांतले बरेचसे या उरण्याच्या इतिहासातून आले आहेत.

नव्या प्रदेशाची मोजणी करायची, चौकोन पाडायचे आणि ते नागरिकांना द्यायचे, ही पद्धत १७८५ पासूनची. सहा मैल बाय सहा मैलांचा एक मोठा चौकोन, त्यात एकेक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे ३६ तुकडे. १८४८ मध्ये मेक्सिकोबरोबरचं युद्ध संपलं, नैर्ऋत्येचा कोरडा मुलूख अमेरिकेकडे आला आणि हेच चौकोन वाळवंटावरही आखले गेले. लिंकन यांच्या सहीने १८६२ मध्ये होमस्टेड कायदा आला: पाच वर्षं राहा, जमीन कसा, १६० एकर तुमचे. आयोवाच्या काळ्या मातीत १६० एकरांवर कुटुंब जगत होतं. कॅलिफोर्निया-नेवाडातल्या मोहावे वाळवंटाच्या सखल भागात वर्षाला जेमतेम पाच इंच पाऊस पडतो, तिथे तेवढ्यावर शेळ्यासुद्धा पोसल्या जात नाहीत. मग १८७७ मध्ये वाळवंटासाठी वेगळा कायदा झाला. एकरी सव्वा डॉलर दराने ६४० एकर मिळणार, अट एवढीच की तीन वर्षांत जमिनीवर पाणी आणून दाखवायचं. पाणी नव्हतंच. पुढच्याच वर्षी भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी कोरड्या प्रदेशाविषयीच्या सरकारी अहवालात स्पष्ट लिहिलं, की इथे चौकोन आखून चालणार नाही, पाणी कुठे आहे ते पाहून जमिनीची विभागणी करावी लागेल. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

ही जमीन ‘कुणी घेतली नाही’ असं म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ती रिकामी नव्हतीच. चेमेह्युवी, मोहावे, काहुइया, टिंबिशा शोशोनी हे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे राहत होते. कोणत्या ऋतूत कोणत्या झऱ्यावर जायचं, मेस्किट या काटेरी झाडाच्या शेंगा कधी पिकतात, हे त्यांना ठाऊक होतं. सरकारच्या लेखी जमीन बिनमालकाची झाली ती त्यांचा हक्क बाजूला सारून. डेथ व्हॅलीतल्या टिंबिशा शोशोनींना त्यांच्या मुलखातली सुमारे ७,७०० एकर जमीन कायद्याने परत मिळायला २००० साल उजाडावं लागलं. ब्लाइथ गावाजवळ कोलोरॅडो नदीकाठच्या पठारावर मूळ रहिवाशांनी खडे खरवडून काढलेल्या प्रचंड मानवाकृती आहेत. त्यांच्यावरूनही गाड्या गेल्या, चाकांचे ओरखडे राहिले, तेव्हा कुठे कुंपण आलं.

रेल्वेची गोष्ट मुक्कामाला जाणाऱ्याच्या थेट कामाची आहे. १८६० च्या दशकात रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचे चौरस मैलांचे तुकडे एकाआड एक देण्यात आले. त्यामुळे मोहावेच्या काही भागांचा नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. बीएलएमच्या नकाशावर या खात्याची जमीन पिवळी आणि खासगी जमीन पांढरी असते. जमिनीवर मात्र खूण नसते, कुंपण नसते. एक मैल सार्वजनिक, पुढचा मैल कुणाचा तरी. नंतरच्या काळात यातले पाच लाखांहून अधिक एकर एका संवर्धन संस्थेने विकत घेऊन सरकारला दिले. ते झालं नसतं तर २०१६ मध्ये जाहीर झालेलं मोहावे ट्रेल्स राष्ट्रीय स्मारक (म्हणजे वास्तू नव्हे, राखलेला भूभाग) उभंच राहिलं नसतं, असं मला वाटतं.

उरलेल्या जमिनीवर दरम्यान गुरं चरत होती. आपल्याकडच्या गायरानासारखीच अवस्था: सगळ्यांची म्हणून राखण कुणाचीच नाही. गवत संपलं, माती उडाली. धुळीच्या वादळांच्या काळात, १९३४ मध्ये, टेलर चराई कायदा झाला आणि चराईला पहिल्यांदा परवाना लागू लागला. चराई खातं आणि १८१२ पासूनचं जुनं भूमी कार्यालय १९४६ मध्ये एकत्र करून बीएलएम बनलं. गुरं आणि खाणी सोडून या खात्याला दुसरं काही दिसत नाही, अशी टीका त्याच्यावर अनेक वर्षं होत राहिली.

दुसऱ्या महायुद्धाने वाळवंटाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९४२ मध्ये जनरल पॅटन यांनी उत्तर आफ्रिकेतल्या लढाईच्या तयारीसाठी मोहावे आणि सोनोराच्या वाळवंटात रणगाड्यांचं प्रचंड प्रशिक्षण केंद्र उभारलं. आयर्न माउंटनच्या छावणीत सैनिकांनी दगड मांडून केलेल्या वाटांच्या कडा अजून आहेत. त्याहून विचार करायला लावणारी खूण म्हणजे रणगाड्यांच्या पट्ट्यांचे माग, जे ऐंशी वर्षांनंतरही ओळखू येतात. वाळवंटातल्या जमिनीवर सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल यांची नाजूक साय असते. ती मोडली की पुन्हा धरायला कित्येक दशकं जातात. ‘नव्या जागी गाडी घालू नका’ या नियमामागचं कारण तिथे डोळ्यांनी बघता येतं.

युद्ध संपलं आणि लष्कराच्या जुन्या जीप, तंबू, पाण्याचे डबे बाजारात आले. लॉस एंजेलिस फुगत होतं, महामार्ग होत होते. पाठोपाठ मोटारसायकली आल्या. १९६७ पासून बार्स्टो ते लास व्हेगास अशी वाळवंटातून शर्यत होऊ लागली आणि पाहता पाहता तिथे हजारो स्वार जमू लागले. १९७४ च्या शर्यतीनंतर झालेलं नुकसान पाहून परवानगी नाकारली गेली. १९८३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि १९८९ नंतर कायमची थांबली. वाळवंट कुणासाठी, हा वाद इतक्या उघडपणे पहिल्यांदा या शर्यतीभोवती झाला.

सगळ्या इतिहासातलं वळण म्हणजे २१ ऑक्टोबर १९७६. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी संघीय भूमी धोरण आणि व्यवस्थापन कायद्यावर सही केली. दोनशे वर्षांत प्रथमच कायदा म्हणाला, की ही जमीन विकून संपवायची नाही, सर्वसाधारणपणे ती राष्ट्राकडेच राहील. अलास्का वगळता होमस्टेडची सोय बंद झाली. चराई आणि खाणकाम यांच्या बरोबरीने वन्यजीव, पुरातत्त्व आणि मैदानी विरंगुळा हेही जमिनीचे रीतसर उपयोग ठरले. याच कायद्याने अडीच कोटी एकरांचं कॅलिफोर्निया वाळवंट संवर्धन क्षेत्र आखलं आणि त्यासाठी आराखडा करायला लावला. तोवर तंबू ठोकणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून तो तिथे राहत होता. आता त्याचं तिथे असणं कायद्याने ओळखलं. या कायद्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण माझ्या मते राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यांइतकंच त्याचं मोल आहे. पश्चिमेतल्या अनेकांना मात्र तो जाचक वाटला. १९७९ मध्ये नेवाडाने या जमिनीवर राज्याचा हक्क सांगणारा कायदाच केला. ज्या राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्राकडे आहे, तिथे हा राग समजण्यासारखा होता.

चौदा दिवसांची मर्यादाही याच ओढाताणीतून समजते. जमीन सगळ्यांची ठेवायची तर तिच्यावर कुणी घर थाटता कामा नये. तरी हिवाळा उबेत घालवणाऱ्या निवृत्तांची गरज खरी होती. म्हणून १९८३ पासून ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ आणि कोलोरॅडो नदीच्या आसपास शुल्क घेऊन दीर्घ मुक्कामाची क्षेत्रं सुरू झाली, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामासाठी. क्वार्ट्झसाइटला गेलात तर पिरॅमिडच्या आकाराची एक समाधी जरूर पाहा. १८५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने वाळवंटासाठी उंट आणले होते, त्यांच्यासोबत आलेल्या उंटवान हाजी अलीची ती आहे. स्थानिक लोक त्याला ‘हाय जॉली’ म्हणत.

१९९० मध्ये वाळवंटी कासव संकटग्रस्त प्राण्यांच्या केंद्रीय यादीत आलं आणि वाटांवर निर्बंध आले. हे कासव पावसाचं पाणी मूत्राशयात साठवून महिनोन्‌महिने काढतं. कुणी उचललं तर घाबरून ते पाणी सोडून देतं आणि पुढे तहानेने मरू शकतं. म्हणून त्याला हात लावायचा नाही. सावलीसाठी ते गाडीखाली येऊन बसतं, म्हणून गाडी हलवण्याआधी वाकून खाली बघायचं. पुढे ३१ ऑक्टोबर १९९४ च्या कायद्याने डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री ही राष्ट्रीय उद्यानं झाली, मोहावे राखीव क्षेत्र निर्माण झालं आणि बीएलएमच्या जमिनीवर ६९ निर्जन क्षेत्रं आखली गेली. निर्जन क्षेत्रात पाठीवर तंबू घेऊन चालत जाता येतं, गाडी नेता येत नाही.

गर्दीचा ताण अलीकडचा. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये १९३९ च्या एका हॉलिवूडपटासाठी हिंदुस्थानची वायव्य सरहद्द उभी केली होती. आज तिथे सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पार्श्वभूमीवर फोटो काढायला कॅलिफोर्नियातली भारतीय कुटुंबंही मोठ्या हौसेने जातात. २०१९ मध्ये या भागाला राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि आता ठरवून दिलेल्या जागांवर परवाना घेऊनच राहता येतं. कुठेही तंबू ठोकण्याचे दिवस तिथे संपले, आणि जमिनीची अवस्था पाहता ते योग्यच झालं.

विकण्याचा विचारही संपलेला नाही. जून २०२५ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी लाखो एकर सार्वजनिक जमीन विक्रीला काढण्याची तरतूद मांडली. शिकारी, मासेमारी करणारे, गिर्यारोहक, कॅम्पिंग करणारे असे एरवी एकमेकांशी भांडणारे लोक एकत्र उभे राहिले आणि महिना संपायच्या आत तरतूद मागे घेतली गेली.

सहल आखताना म्हणून आधी पाहायचं ते हे, की जागा नेमकी कशात मोडते: उद्यान, राखीव क्षेत्र, निर्जन क्षेत्र, स्मारक की साधी बीएलएमची जमीन. प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि सीमा भर माळावरून जाते. त्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयाकडून खुल्या वाटांचा ताजा नकाशा घ्यावा, मुक्कामाची मर्यादा आणि शेकोटीवरची बंदी विचारावी. कॅलिफोर्नियात बीएलएमच्या जमिनीवर शेकोटीसाठी आणि स्टोव्हसाठीही मोफत परवाना लागतो. जुन्या खाणींच्या बोगद्यांत पाऊल टाकू नये. १८७२ चा खाण कायदा अजून लागू आहे, त्यामुळे काही खाणपट्ट्यांवर आजही कुणाचा तरी दावा असतो. पाणी माणशी रोज किमान चार लिटर धरावं आणि परतीच्या वाटेसाठी वेगळं ठेवावं, कारण नकाशावर झरा दाखवलेला असला तरी त्यात पाणी असेलच असं नाही.