‘लिव्हिंग सिंगल’ ही ‘फ्रेंड्स’ची नक्कल नव्हे

जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास ठोकून देतं, "लिव्हिंग सिंगल? ती तर फ्रेंड्सची कृष्णवर्णीय आवृत्ती!" तारखा बघा. ‘लिव्हिंग सिंगल’ फॉक्स वाहिनीवर ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू झाली, ‘फ्रेंड्स’ एनबीसीवर सप्टेंबर १९९४ मध्ये. वर्षभर आधी आलेली मालिका नंतर आलेल्या मालिकेची नक्कल कशी करणार?

यिव्हेट ली बाउझर यांनी ही मालिका रचली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं एक घर, त्यात एकत्र राहणाऱ्या मैत्रिणी. अभिनेत्री क्वीन लतिफाने साकारलेली खदिजा स्वतःचं ‘फ्लेवर’ मासिक चालवते. पैशांची ओढाताण, अंक वेळेवर काढायची धावपळ, सगळं तिच्याच डोक्यावर. मॅक्सीन शॉ वकील. ती त्या घरात राहतही नाही, पण कोर्टातून आली की सरळ फ्रिज उघडून यांचंच खाते आणि वर यांनाच टोमणे मारते. माझ्या मते मालिकेचा खरा जीव तीच.

मग एकत्र राहणाऱ्या मित्रमंडळींची ही कल्पना ‘फ्रेंड्स’नेच चोरली का? तेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोन्ही मालिका वॉर्नर ब्रदर्स या एकाच निर्मितीसंस्थेच्या, त्यामुळे संशयाला जागा मिळते, इतकंच.

गंमत म्हणजे २०२० मध्ये ‘फ्रेंड्स’मधला रॉस, डेव्हिड श्विमर, एका मुलाखतीत म्हणाला की सगळे कृष्णवर्णीय कलाकार घेऊन ‘फ्रेंड्स’ करायला हवी. मॅक्सीन साकारणाऱ्या एरिका अलेक्झांडरने ट्विटरवर लगेच त्याला ‘लिव्हिंग सिंगल’ची आठवण करून दिली.