‘डीप स्पेस’ म्हणजे नेमके किती लांब?

जळगावात गच्चीवर डिशची छत्री बसवताना खाली टीव्हीसमोर एक माणूस लागतोच. वरून हाक येते, "चित्र उनं का?" छत्री बोटभर सरकली तरी पडदा निळा. तो उपग्रह जेमतेम ३६ हजार किलोमीटरवर, तोही जागचा न हलणारा. मंगळ जवळात जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो.

बेंगळुरूजवळच्या ब्याललूला दूरच्या यानांशी बोलण्यासाठी ‘इस्रो’च्या ३२ मीटर आणि १८ मीटर व्यासाच्या तबकड्या (डिश अँटेना) उभ्या राहिल्या त्या २००८ च्या चांद्रयान-१ साठी. जागा वाटीसारखी, भोवती टेकड्या; बाहेरच्या रेडिओ गोंगाटाला आयता आडोसा. मोठी तबकडी देशातच बनली. या केंद्राच्या नावात मात्र पहिल्यापासून ‘डीप स्पेस’ आहे, आणि घोळ तिथेच आहे.

मराठीत आपण त्याला ‘खोल अंतराळ’ म्हणतो. खोल म्हटले की रावेर-यावलच्या माणसाला आधी केळीच्या मळ्यातली बोअर आठवते, पण ते असो. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत पूर्वी चंद्राच्या अंतरापासून पुढचे सगळे ‘डीप’ धरले जाई. १९८८ साली ही हद्द २० लाख किलोमीटरवर नेली. कारण व्यवहारी होते. दूरच्या यानांचा क्षीण आवाज ऐकण्यासाठी रेडिओचे काही लहरपट्टे (फ्रिक्वेन्सी बँड) राखीव असतात, उदाहरणार्थ ८४०० ते ८४५० मेगाहर्ट्झ. चंद्राकडची वर्दळ त्यात शिरली, तर दूरचे यान ऐकू येणार कसे?

या हिशेबाने सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरचा चंद्र ‘डीप’ नाही. १५ लाखांवरचे, सूर्य न्याहाळणारे आदित्य-एल१ यान सुद्धा नाही. ब्याललूने ते नाव खऱ्या अर्थाने कमावले मंगळयानामुळे. आधी पाटी, मग दुकान, म्हणून काहींनी नाक मुरडले. मला ती पाटी आगाऊ वाटत नाही. चंद्रापुरतेच भागवायचे असते तर १८ मीटरची तबकडीही बरेच काम उरकती.

एक गोष्ट मात्र ३२ मीटरलाही जमत नाही: ग्रह क्षितिजाखाली गेला की तिथल्या यानाचे ऐकणे. गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा ही दूरच्या यानांचे ऐकणाऱ्या अमेरिकी जाळ्याची केंद्रे जगभर साधारण तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्यावर आहेत, म्हणजे एकाकडून ग्रह मावळला की दुसऱ्याकडे उगवलेला असतो. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळयान कक्षेत शिरत होते, तेव्हा मंगळ भारताच्या क्षितिजाखाली होता. ती बातमी कॅनबेराच्या तबकडीने ऐकली, साडेबारा मिनिटे जुनी.