पेंटाटोनिकचा पहिला बॉक्स इतका सरळ का?

गिटार शिकताना पेंटाटोनिकचा, म्हणजे पाच स्वरांच्या सप्तकाचा, पहिला ‘बॉक्स’ चुकत नाही. बॉक्स म्हणजे मानेवर एका जागी बसणारा बोटांचा साचा, असे एकूण पाच आहेत. तर्जनी पाचव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पाचव्या पडद्यावर ठेवायची आणि प्रत्येक तारेवर दोन स्वर वाजवायचे. सर्वांत जाड, म्हणजे सहाव्या तारेवर ५ आणि ८, पुढच्या तीन तारांवर ५ आणि ७, शेवटच्या दोन बारीक तारांवर पुन्हा ५ आणि ८. ए, सी, डी, ई, जी हे पाच स्वर हाताशी आले. सांगलीत विश्रामबागेतून शिकायला येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने परवा विचारलं, “सर, पहिलं बोट सहाही तारांवर पाचव्याच फ्रेटवर कसं काय येतं?” प्रश्न फार सुंदर आहे, आणि उत्तर साध्या बेरजेत आहे.

एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर, आणि बारा फ्रेटमध्ये सप्तक पुरं होतं. हे पाच स्वर येतात षड्ज-पंचम भावातून. सी ला सा मानलं तर सा चा पंचम प, त्याचा पंचम रे, मग ध, मग ग. आणखी एक उडी मारली की शुद्ध नी येतो आणि तो सा ला अगदी चिकटून बसतो. पाचावर थांबलं की अशी जवळीक कुठेच राहत नाही. शेजारच्या दोन स्वरांत कधी दोन फ्रेटचं अंतर, कधी तीनचं. एका फ्रेटचं कधीच नाही. म्हणून तर नवशिक्याच्या हातूनही हे स्वर सहसा बोचत नाहीत.

आता तारांकडे या. गिटारच्या शेजारशेजारच्या तारा पाच फ्रेटच्या अंतराने लावलेल्या असतात. अपवाद एकच, तिसरी आणि दुसरी तार. त्यांच्यात चारच फ्रेटचं अंतर असतं. एका तारेवर दोन स्वर वाजवून आपण खालच्या तारेवर जातो, म्हणजे स्वरांची दोन पावलं टाकतो. या दोन पावलांची बेरीज पाच आली, तर बोट त्याच फ्रेटवर सरळ खाली उतरतं. चार आली, तर एक फ्रेट मागे यावं लागतं. सगळ्या सप्तकात चारची बेरीज एकदाच येते, सी-डी-ई या तुकड्यात. आणि पहिल्या बॉक्समध्ये हा सी नेमका तिसऱ्या तारेवर पडतो, जिथे पुढच्या तारेचं अंतरही चारच आहे! दोन अपवाद एकाच जागी आले आणि एकमेकांना मिटवून गेले. बाकीच्या चार बॉक्समध्ये हा योग जुळत नाही, म्हणून तिथे तर्जनीला एका फ्रेटने मागेपुढे सरकावं लागतं.

तर्जनीचं असं निभावलं, पण दुसरा स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा? ५ आणि ७ साठी अनामिका, यावर फारसं दुमत नाही. ५ आणि ८ वर मात्र वाद घालणारे भेटतात. काहीजण तिथेही अनामिकाच ताणतात, कारण करंगळी दुबळी वाटते. त्या मुलीलाही तीच सवय लागत होती, मनगट वाकडं होत होतं. आम्ही कंपासपेटीतली पट्टी काढून गिटारच्या मानेवर ठेवली. ६४८ मिलिमीटर लांबीची तार असलेल्या गिटारवर पाचव्या ते आठव्या फ्रेटचं अंतर सुमारे ७७ मिलिमीटर भरतं. तेच तीन फ्रेटचं अंतर पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सुमारे ९७, आणि बाराव्यापासून पंधराव्यापर्यंत जेमतेम ५२. म्हणजे एकच नियम सगळ्या मानेला लावण्यात अर्थ नाही. खालच्या फ्रेटवर करंगळी, बाराव्याच्या पुढे खुशाल अनामिका.

करंगळी दुबळी का, हे टेबलावर करून बघता येतं. पंजा पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून पाहा. जवळजवळ उचलतच नाही. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपरापुढच्या हातात असतात आणि पंजाच्या पाठीवर त्यांच्या दोऱ्या एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. मधल्या बोटाची दोरी अडकली की शेजारीण अडकते. करंगळीही अशीच अनामिकेला बांधलेली. तेव्हा करंगळीला घाई करू नये, हळू लयीत रोज थोडं वाजवावं.

अनामिका जिथे हवीच, ती जागा म्हणजे बेंड. दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर जी आहे. तार ढकलून तो पूर्ण स्वराने चढवला की ए मिळतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, त्यामुळे एवढ्यासाठी तारेतला ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. एकट्या करंगळीचं ते काम नाही. अनामिका वर, तिच्यामागे मधलं बोट आणि तर्जनी, अशी तिघांनी मिळून तार ढकलायची.

हीच गोष्ट मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलं की वेगळ्या रूपात दिसते. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीवर मुख्यतः तर्जनी आणि मधलं बोटच चालतं, हात एकाच तारेवर वर-खाली धावतो आणि बाकीचं काम मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, करते. तिथे बॉक्स नाहीत. पडदे दोऱ्याने बांधलेले, हवे तसे सरकवता येतात.

पण गिटारच्या पाच बॉक्सना आपल्याकडे जुनी ओळख आहे, ती म्हणजे मूर्च्छना. तेच पाच स्वर ठेवून सा बदलत जा. सी ला सा मानलं तर भूपाचे स्वर, डी वरून मेघाचे, जी वरून दुर्गेचे, ए वरून धानीचे, आणि ई वरून मालकंसाचे. राग काही नुसत्या स्वरांनी उभा राहत नाही, त्याला त्याचं चलन लागतं. तरी कान तयार व्हायला याहून चांगला रियाज मला माहीत नाही.

आम्ही इलेक्ट्रॉनिक तानपुरा ई वर लावला. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार पंचमावरून मध्यमावर, म्हणजे ए वर घेतली. मुलीने पाचव्या तारेच्या सातव्या फ्रेटवर सा धरला. चौथ्या तारेवर कोमल ग आणि म, तिसरीवर कोमल ध आणि कोमल नी, दुसरीच्या पाचव्या फ्रेटवर वरचा सा. सगळं सप्तक ५ आणि ७ या दोनच फ्रेटवर. तर्जनी आणि अनामिका. करंगळी कुठे लागलीच नाही.