१७८३: धुराच्या भरवशावर आकाशात

दक्षिण फ्रान्समधल्या आनोने गावात मोंगोल्फिए घराण्याचा कागदाचा कारखाना होता. त्यातल्या जोसेफ आणि एतिएन या भावांनी ४ जून १७८३ रोजी गावच्या चौकात सगळ्यांदेखत एक फुगा उडवला. कापडाला आतून कागद लावलेला, तुकडे जोडायला चक्क गुंड्या! खाली जाळ केला, फुगा वर गेला आणि सुमारे दोन किलोमीटरवर उतरला.

गंमत म्हणजे, तो का उडाला हे खुद्द भावांनाच नीट कळलेलं नव्हतं. त्यांच्या मते उचलण्याची ताकद धुरात होती. म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर जाळून मुद्दाम दाट धूर करत. तापलेली हवा प्रसरण पावून हलकी होते, एवढीच खरी गोष्ट.

बातमी पॅरिसला पोहोचली आणि गैरसमजात आणखी एक भर पडली. तिथले भौतिकशास्त्रज्ञ झाक शार्ल यांना वाटलं, भावांनी हवेपेक्षा हलका हायड्रोजनच वापरला असणार. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये या वायूचा अभ्यास मांडला होता, पण ‘हायड्रोजन’ हे नाव अजून पडायचं होतं; तेव्हा त्याला ज्वालाग्राही हवा म्हणत. शार्ल यांनी रॉबेर बंधूंच्या मदतीने रेशमी कापडावर टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं रबर चढवलं आणि लोखंडावर गंधकाम्ल ओतून वायू तयार केला. २७ ऑगस्टला पॅरिसमधून सुटलेला हा फुगा गोनेस गावात पडला. गावकऱ्यांनी त्याला राक्षस समजून फाडून काढलं. असले फुगे दिसले तर घाबरू नका, असं सरकारला जाहीर करावं लागलं.

१९ सप्टेंबरला व्हर्सायला राजासमोर मोंगोल्फिएंच्या फुग्यातून मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले आणि जिवंत उतरले. आता पाळी माणसाची. राजाने कैद्यांना पाठवायचं सुचवलं, पण विज्ञानाचे तरुण शिक्षक पिलात्र द रोझिए यांना तो मान गुन्हेगारांना द्यायचा नव्हता. २१ नोव्हेंबरला ते आणि लष्करी अधिकारी मार्की दार्लांद सुमारे पंचवीस मिनिटं पॅरिसवरून तरंगत गेले. एका हाताने शेगडीत पेंढा टाकायचा आणि कापडाला ठिणगीने भोक पडलं की ओल्या स्पंजने विझवायचं, असा तो प्रवास.

दहा दिवसांनी, १ डिसेंबरला, शार्ल आणि धाकटे रॉबेर हायड्रोजनवर दोन तासांहून जास्त उडाले. उतरल्यावर शार्ल एकटेच पुन्हा वर गेले. जमिनीवर सूर्य बुडालेला होता, वर तो त्यांना पुन्हा दिसला. कानात मात्र जबर कळ आली, आणि ते पुन्हा कधी उडाले नाहीत.

पिलात्र थांबले नाहीत. इंग्लिश खाडी ओलांडण्यासाठी त्यांनी दोन्ही तऱ्हा एकत्र केल्या: वर हायड्रोजनचा फुगा, खाली गरम हवेचा. १५ जून १७८५ रोजी फ्रान्सच्याच किनाऱ्याजवळ तो कोसळला. पिलात्र आणि त्यांचे साथीदार पिएर रोमँ, दोघेही गेले.