केस पुढे का उडतात? उघड्या टपाची गाडी आणि सीटमागची जाळी

कन्व्हर्टिबल गाडीच्या जाहिरातीतलं दृश्य ठरलेलं असतं. टप खाली, समुद्राकाठचा रस्ता, आणि शेजारी बसलेल्या बाईंचा स्कार्फ ऐटीत मागे फडफडतोय. खऱ्या गाडीत नव्वदच्या पुढे गेलं की केस मागे जात नाहीत, पुढे येतात. चष्म्यावर येतात, तोंडात जातात, आणि मान मागच्या बाजूने गार पडते. ज्यांनी कॅलिफोर्नियात किंवा स्पेनमध्ये चार दिवस भाड्याने अशी गाडी चालवली आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही.

विंड डिफ्लेक्टर, म्हणजे वारा अडवायला सीटमागे बसवायची जाळी किंवा पाटी, घ्यायला निघालेल्याला पहिला प्रश्न इथेच पडतो. वारा समोरून येतो, समोर चांगली मोठी काच आहे, मग जाळी सीटच्या मागे कशासाठी? कारण तुम्हाला लागणारा बराचसा वारा मागूनच येत असतो.

समोरची हवा काचेवरून चढते आणि काचेच्या वरच्या कडेला गाडीचं अंग सोडते. बंद टपाच्या गाडीत तिला पुढे छप्पर धरून सरकता येतं. इथे छप्परच नाही. त्यामुळे कडेपासून मागे एक पातळ थर तयार होतो. त्याच्या वर ताशी 100 किलोमीटरने पळणारी हवा, खाली जवळपास थांबलेली. वेगातल्या या फरकामुळे थर सरळ राहत नाही, त्याची भेंडोळी होतात. ही भेंडोळी मागे जाता जाता मोठी होतात, खाली झुकतात आणि डिकीच्या झाकणावर किंवा मागच्या सीटच्या पाठीवर आदळतात. आदळलेल्या हवेचा काही भाग मागे निघून जातो, उरलेला खाली वळून सीटच्या पाठीमागून, दोन सीटच्या मधून, पुन्हा पुढे येतो. पुढे येण्याचं कारण दाब: काचेच्या मागे दाब कमी आहे, हवा आदळते तिथे जास्त. पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागे काटक्या प्रवाहाच्या उलट दिशेने खांबाकडे येताना दिसतात, तसाच हा भोवरा. फक्त आडव्या अक्षावर फिरणारा, आणि त्याच्या मध्यावर तुमचं डोकं.

अशा भोवऱ्यात उलट वाहणाऱ्या हवेचा वेग मूळ वेगाच्या पाचवा हिस्सा ते तिसरा हिस्सा असतो. गाडी 100 ला असेल तर मानेवर येणारा झोत 20 ते 30 चा. आकडा किरकोळ वाटतो, पण तो सलग नसतो, धक्क्याधक्क्याने येतो. त्रास त्या धक्क्यांचा आहे.

त्या धक्क्यांचा ताल काढता येतो. फार्नबरोच्या ब्रिटिश विमान संशोधन केंद्रातले रॉसिटर यांनी 1964 मध्ये विमानांच्या पोटातल्या उघड्या बॉम्ब-कप्प्यांसाठी एक सूत्र मांडलं. भेंडोळं पुढच्या कडेवरून सुटतं, वाऱ्याच्या सुमारे 57 टक्के वेगाने मागच्या कडेवर जाऊन आदळतं, त्या आदळण्याचा दाब ध्वनीच्या वेगाने पुढे परततो आणि नव्या भेंडोळ्याला सुटायची वेळ सांगतो. दोन सीटच्या गाडीत काचेच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत साधारण दीड मीटर धरू. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर, त्याचे 57 टक्के 15.8. भेंडोळ्याला मागे पोचायला 0.095 सेकंद, दाबाला परत यायला 0.004 सेकंद, एकूण 0.099. सूत्रात पहिल्या तालासाठी 0.75 हा अंश येतो, त्याला 0.099 ने भागलं की उत्तर येतं सेकंदाला साडेसात ठोके. गाडीचा कप्पा काही चौकोनी खोका नाही आणि आत माणसं बसलेली असतात, तेव्हा हा अंदाजच. पण सेकंदाला 20 च्या खालची कंपनं कानाला ऐकू येत नाहीत, कानाच्या पडद्यावर दाबासारखी जाणवतात. टप उघडून तासभर गाडी हाणल्यावर डोकं जड होतं, त्यात या न ऐकू येणाऱ्या ठोक्यांचाही वाटा असू शकतो.

आता डिफ्लेक्टरकडे. त्याचं काम वारा अडवणं हे अर्धंच आहे. उरलेलं अर्धं या ठोक्यांना आधार मिळू न देणं. इथेच जाळी आणि पारदर्शक पाटी यांच्यातला खरा फरक आहे.

पाटी अ‍ॅक्रिलिकची किंवा पॉलिकार्बोनेटची असते, 5-6 मिलीमीटर जाड. तिच्यातून हवा जातच नाही. पण अडवलेली हवा पाटीच्या वरच्या आणि बाजूच्या कडांवरून वळसा घालते आणि त्या कडेला नवी, छोटी भेंडोळी सुटतात. पाटी बुटकी असेल तर ही भेंडोळी नेमकी कानामागे पडतात. म्हणजे मानेचा गारवा गेला, पण कानाशी फडफड आली. अशी तक्रार असलेल्या गाड्यांत दोष बहुधा मालाचा नसून उंचीचा असतो.

जाळी हवा जाऊ देते, पण किंमत वसूल करून. जाळीतून जाताना दाब किती पडतो हे एका गुणांकाने मोजतात: हवेच्या गतीमुळे येणाऱ्या दाबाच्या किती पट. प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्या टेलर आणि बॅचलर या दोघांनी 1949 मध्ये तारेच्या जाळ्यांवर दाखवलं की हा गुणांक 2.8 च्या जवळपास असला, तर जाळीच्या अलीकडे प्रवाहाच्या वेगात असलेला चढउतार पलीकडे जवळजवळ पुसला जातो. त्याहून कमी असेल तर चढउतार उरतो, जास्त असेल तर उलटा होऊन येतो: जिथे झोत होता तिथे शांत, शांत होतं तिथे झोत. विंड टनेलमध्ये (कृत्रिम वारा सोडून चाचण्या करायच्या बोगद्यात) प्रवाह सारखा करायला जाळ्या लावतात त्या याच तत्त्वावर. पहिलं म्हणजे दाबातला फरक तेवढाच ठेवून असा अडथळा घातला तर आरपार जाणारा वेग साधारण निम्म्यावर येतो. दुसरं म्हणजे मोठ्या भेंडोळ्याचे जाळीत बारीक बारीक झोत होतात आणि भोकाच्या वीस-तीस पट अंतरात ते एकमेकांत मिसळून विरतात. दीड मिलीमीटरच्या भोकाला हे अंतर तीन ते साडेचार सेंटीमीटर झालं. म्हणजे सीटच्या पाठीपर्यंत यायच्या आत काम संपलेलं. तिसरं म्हणजे भेंडोळं आदळायला टणक कड मिळत नाही, दाब जाळीतून झिरपतो, आणि साडेसातचा ताल धरायला जो परतीचा धक्का लागतो तोच मऊ पडतो.

2.8 च्या आसपासचा गुणांक मिळायला जाळीचा मोकळा भाग ढोबळमानाने निम्मा असावा लागतो. हे घरी मोजता येतं. जाळीवर पट्टी ठेवून मोबाइलने जवळून फोटो काढा, 2 सेंटीमीटरमध्ये किती भोकं येतात ते मोजा. 10 आली तर एका घराची रुंदी 2 मिलीमीटर. दोरा अर्धा मिलीमीटर जाड असेल तर भोक दीड. दीड भागिले दोन, 0.75, त्याचा वर्ग 0.56. म्हणजे 56 टक्के मोकळं, चालेल. खिडकीला लावायची मच्छरदाणीची जाळी सहसा याहून मोकळी असते, ती लावून वारा तितका कमी होत नाही. मोकळा भाग 30 टक्क्यांच्या खाली गेला की जाळी पाटीसारखी वागायला लागते आणि आरशातून मागचं काळपट दिसतं ते वेगळंच. रंग काळा आणि मॅटच हवा. राखाडी किंवा चकचकीत दोऱ्यावर ऊन पडलं की जाळी स्वतःच उजळते आणि मागची गाडी दिसेनाशी होते.

पाटीची बाजू घ्यायची तर मागचं स्वच्छ दिसतं आणि थंड देशात ती जास्त ऊब धरते. पण रात्री मागच्या गाडीचे दिवे तिच्या दोन्ही पृष्ठांवरून परावर्तित होऊन आरशात दुहेरी दिसतात. पॉलिकार्बोनेट फुटत नाही पण त्यावर ओरखडे फार लवकर पडतात; वरून कडक लेप दिलेलंच घ्यावं. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे कमी पडतात, पण क्लिपसाठी भोक पाडताना ड्रिल घाईने दाबलं की तिथून तडा जातो. दोन्हींना अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे चालत नाही. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. माझं मत विचाराल तर ज्यांची गाडी बहुतेक दिवसा आणि हायवेला चालते त्यांनी जाळी घ्यावी.

या जाळीला मोटारीच्या जगात मान मिळवून दिला तो मर्सिडीझच्या 1989 च्या एसएल गाडीने. त्याच कंपनीने 2004 च्या एसएलकेमध्ये हेडरेस्टमधून मानेवर गरम हवा सोडली, आणि 2010 च्या ई-क्लास कॅब्रिओलेमध्ये काचेच्या वरच्या कडेवर बटण दाबल्यावर काही सेंटीमीटर उचलली जाणारी पट्टी दिली. ही शेवटची युक्ती चार जणांच्या गाडीसाठी. हवा जिथे अंग सोडते ती जागाच वर नेली, तर तो थर मागच्या प्रवाशांच्याही डोक्यावरून निघून जातो. साध्या डिफ्लेक्टरला हे जमत नाही. चार सीटच्या गाडीत तो मागच्या सीटवर आडवा पसरतो आणि पुढच्या सीटमागे उभा राहतो, म्हणजे मागे कुणी बसूच शकत नाही. मुलं मागे बसणार असतील तर हा खर्च करण्याआधी विचार करा.

विकत घेण्याआधी एक चाचणी जरूर करावी. लोकरीचे 10 सेंटीमीटरचे तुकडे कापा आणि मास्किंग टेपने हेडरेस्टच्या दोन्ही बाजूंना, सीटच्या पाठीमागे वर-मध्ये-खाली, दोन सीटच्या मधल्या बोळात आणि दाराच्या वरच्या कडेला चिकटवा. शेजारी बसलेल्याने 60, 80 आणि 100 ला व्हिडिओ घ्यावा. चालकाने मागे बघायचं नाही. लोकर जिथे पुढच्या दिशेला ताठ उभी राहते तिथून उलटा वारा येतोय. जिथे ती गोल फिरते तिथे भोवऱ्याचा मध्य. पुष्कळ दोन-सीटर गाड्यांत सगळ्यात जोरकस धागे हेडरेस्टपाशी नसून खाली बोळात सापडतात. म्हणजे वरची जाळी कितीही चांगली घेतली तरी खालची फट बुजवल्याशिवाय कमरेला लागणारा गारवा जाणार नाही. फोमची पट्टी कापून बसवली तरी चालते, फक्त सीटबेल्टच्या बकलला ती अडायला नको.

उंची ठरवताना चालकाच्या सीटवर नेहमीसारखं बसा. जाळीची वरची कड कानाच्या वर, हेडरेस्टच्या माथ्याशी यावी. काचेच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत ती नेऊ नका. तिथे ती वेगवान थरात घुसते आणि शिट्टी वाजायला लागते. मग आरशात बघा. जाळीची चौकट मागच्या रस्त्याला आडवी येत असेल तर ती जाळी तुमच्या गाडीची नव्हे.

बसवण्यात एक धोका आहे, त्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बऱ्याच कन्व्हर्टिबल गाड्यांत गाडी उलटू लागली की सीटमागचे दांडे आपोआप वर उसळतात. 1989 च्या त्याच एसएलमध्ये दांडा 0.3 सेकंदांत उभा राहत असे. असे दांडे असलेल्या गाडीत त्यांच्या वाटेवर पट्ट्याने बांधलेला सर्वसाधारण डिफ्लेक्टर लावणं म्हणजे जीवाशी खेळ. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दांड्यांची जागा बघून मगच क्लिपा कुठे येतात ते तपासा. त्याच बैठकीत टप अगदी सावकाश बंद करून बघा, जाळी वाटेत येते का. आणि सीट पूर्ण मागे सरकवून बघा. उंच माणसाची सीट जाळीला टेकते आणि मग चौकट वाकते.

आणि बाजूच्या काचा वर ठेवा. डिफ्लेक्टर लावून काचा खाली ठेवल्या तर दाराच्या कडेवरून आत येणारा वारा निम्मं काम वाया घालवतो.

महिंद्राची थार 2020 मध्ये कापडी टपासह आली तेव्हा आपल्याकडेही ही चौकशी सुरू झाली. तिथे गणित थोडं वेगळं आहे: काच उभी, कप्पा लांब, आणि मागे डिकीऐवजी उघडी जागा. जाळी पुढच्या सीटमागच्या आडव्या दांड्याला बांधता येते, फायदा पुढच्या दोघांना होतो, पण बाजू उघड्या असतील तर तिथून येणारा वारा ती अडवत नाही.

जाहिरातीत ‘वारा 80 टक्के कमी’ असं लिहिलेलं असेल तर विचारा: कोणत्या वेगाला, कुठे मोजून, काचा वर की खाली? तीन उत्तरं नसतील तर आकडा विसरा. मोबाइलच्या डेसिबल अ‍ॅपवरही भिस्त ठेवू नका, वाऱ्याचा झोत माइकवर पडला की ते भलतंच दाखवतं. काचेच्या कडेला चिकटवायचे प्लॅस्टिकचे छोटे पंख विकले जातात, त्यांनी आतला भोवरा शांत होईल अशी आशा नको. राहता राहिलं ‘कानाला वारं लागून सर्दी होते’. सर्दी विषाणूने होते, वाऱ्याने नाही. वारा फक्त अंगातली उष्णता झपाट्याने नेतो: 10 अंशांच्या हवेत ताशी 30 चा वारा लागला तर गारवा साडेसहा अंशांसारखा जाणवतो, 10 चा लागला तर साडेआठसारखा. डिफ्लेक्टर घालवतो ती ही तफावत.

बसवल्यावर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर क्लिपा पुन्हा आवळा. मानेवर 30 चा झोत पडतो तेव्हा जाळीवर दीड किलोच्या आसपास जोर येतो, आणि तो सेकंदाला सात-आठ वेळा कमीजास्त होतो. त्याने आधी स्क्रू सैल पडतात, मग चौकट दांड्यावर घासून खडखडते. दांडा आणि क्लिप यांच्यामध्ये एक मिलीमीटर रबराची पट्टी घातली की आवाज जातो. जाळीच सैल पडली असेल तर मात्र ती पुन्हा ताणून बसवावी लागते. बोटाने टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा ताठ आवाज आला पाहिजे, नाहीतर तीच फडफडायला लागते.